मागे घेतलेली साक्ष

आमच्या मराठी मंडळीत साक्ष देण्याची पद्धत होती. उपदेश संपला की पंचांपैकी कुणीतरी विचारायचं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग एखादी बाई पदर सावरत उभी राहायची आणि त्या आठवड्यात देवाने तिच्यासाठी काय केलं ते सांगायची. शेवटी सगळे मिळून "आमेन" म्हणायचे. माझ्या लहानपणी या साक्षी गॅसचं सिलिंडर, टेलिफोनचं कनेक्शन आणि रद्द झालेली बदली यांच्याभोवती फिरायच्या. पुढे बाजार खुला झाला आणि सिलिंडर, टेलिफोन देवाकडे मागायची गरज उरली नाही. मग साक्षींमध्ये व्हिसा आले, मल्टिनॅशनलमधली नोकरी आली, बिल्डरने वेळेवर दिलेला फ्लॅटचा ताबा आला. हा शेवटचा चमत्कार ऐकला की मी अगदी मनापासून आमेन म्हणायचे.

माझे वडील या मंडळीचे सेक्रेटरी होते. आम्ही तीसेक कुटुंबं, बहुतेक सरकारी नोकरीच्या निमित्ताने नगर, पुणे, मिरजेकडून दिल्लीत आलेली. स्वतःची इमारत नव्हती. एका जुन्या इंग्रजी चर्चची इमारत रविवारी दुपारी चार ते सहा आम्हाला मिळायची. पाळक महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी येत. बाकीचा सगळा कारभार पप्पांकडे. सूचना वाचणं, आजाऱ्यांची यादी करणं, दाखले आणि पत्रं टाइप करणं आणि हजेरीची वही भरणं. किती माणसं आली एवढाच आकडा त्या इंग्रजी चर्चला कळवायचा असे. पण पप्पा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. नुसत्या आकड्यावर त्यांचं समाधान कसं होणार? वहीत प्रत्येक कुटुंबाची एक ओळ आणि प्रत्येक रविवारचा एक चौकोन असे.

सेक्रेटरीपदाच्या अठरा वर्षांत पप्पांनी स्वतः एकदाही साक्ष दिली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की साक्ष कोर्टातली असो की चर्चमधली, जेवढं आपण पाहिलं तेवढंच सांगावं. लोकांना देवाचा हात इतका स्वच्छ कसा दिसतो याचं त्यांना नवल वाटायचं. आई म्हणायची, "तुम्हाला सगळं तीन प्रतींत लागतं. देव काय तुम्हाला मेमो पाठवणार आहे?"

मी लग्न करून गुडगावला गेले. तेव्हा ते गुडगावच होतं, गुरुग्राम झालं नव्हतं. नवरा पुण्याचा, आमच्यातलाच, सॉफ्टवेअर कंपनीत. आम्ही नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाली अर्धे रस्ते कच्चे, समोर मोहरीचं शेत, शेतापलीकडे काचेचे टॉवर उठत होते. माझं ऑफिस मात्र दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर. आठवडाभर दोघंही सकाळी निघून अंधार पडल्यावर परतायचो. त्यामुळे रविवारी दुपारी चारला तीस-पस्तीस किलोमीटर गाडी हाकत चर्चला जायचं म्हटलं की आमच्यापैकी एकाचं तरी डोकं दुखायचं. "पुढच्या रविवारी नक्की," असं आम्ही दर रविवारी म्हणायचो. म्हणताना आम्हाला ते खरंही वाटायचं.

मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि नर्सरीच्या ॲडमिशनचा ताप सुरू झाला. दिल्लीत राहिलेल्यांना त्याविषयी सांगायला नको. मला तिला मी शिकले त्याच मिशनच्या शाळेत घालायचं होतं. शाळा पप्पांच्या घरापासून जवळ, हिंदूराव हॉस्पिटलच्या अलीकडे. माझा सगळा हिशेब तयार होता: सकाळी ऑफिसला जाताना मी तिला शाळेत सोडेन, दुपारी पप्पा तिला घरी नेतील, ती आजीच्या हातचं जेवेल, झोपेल आणि संध्याकाळी मी तिला घेऊन जाईन. हे जमलं नाही तर गुडगावची शाळा आणि नंतर सहा-सात तास पाळणाघर. त्या पाळणाघरात मी एकदा जाऊन आले होते. चौदा मुलं टीव्हीसमोर बसवलेली होती आणि एकही रडत नव्हतं. त्या न रडण्याचीच मला भीती वाटली.

शाळेत ख्रिस्ती मुलांसाठी काही जागा राखीव होत्या. फॉर्मला दोन कागद जोडायचे. एक बाप्तिस्म्याचा दाखला, आणि दुसरं मंडळीचं पत्र, की हे कुटुंब नियमित उपासनेला येतं. पत्राची मला मुळीच काळजी नव्हती. पत्र देणारा घरचाच होता.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी आम्ही पप्पांच्या गच्चीवर उन्हात बसलो होतो. आई मटार सोलत होती. मी सहज म्हटलं, "पप्पा, फॉर्मबरोबर लावायला एक पत्र हवंय. रेग्युलर येतात, एवढ्याच दोन ओळी."

पप्पा उठून आत गेले. मला वाटलं टाइपरायटर आणायला गेले. ते वही घेऊन आले. चष्मा लावून बोट फिरवत पानं उलटली आणि म्हणाले, "सात."

"काय सात?"

"गेल्या वर्षी तुम्ही सात वेळा आलात. त्यात नाताळही धरलाय."

"बरं, मग?"

"मग नियमित कसं लिहू?"

मी आधी हसले. मग लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. मी त्यांना अंतर सांगितलं, ट्रॅफिक सांगितला, ऑफिस सांगितलं. ते सगळ्याला मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं खरं आहे गं. पण त्याने सातचे चाळीस होत नाहीत."

आईने मटाराची शेंग ताटात आपटली. "दुसऱ्यांच्या पोरांना लिहून दिलंत ना नियमित म्हणून?"

"ते येत होते."

"आणि ही तुमची नात आहे!"

"म्हणून तर," पप्पा म्हणाले. याचा अर्थ आईलाही कळला नाही आणि मलाही नाही.

त्यांनी पत्र दिलं. लेटरहेडवर, इंग्रजीत, स्वच्छ टाइप करून. हे कुटुंब आमचं सभासद आहे, मुलीचा बाप्तिस्मा आमच्याच मंडळीत झाला, आजी-आजोबा नियमित येतात, आणि मुलगी व तिचे आईवडील गेल्या वर्षात सात वेळा उपस्थित होते. खाली सही आणि शिक्का.

"हे शिफारसपत्र आहे की एफआयआर?" मी विचारलं.

"मी स्वतः जाऊन हेडमिस्ट्रेसना भेटू का? समजावून सांगतो, लांब राहतात म्हणून."

"नको. तुम्ही गेलात तर नाताळला आम्ही उशिरा आलो होतो हेही सांगाल."

मी रागाने निघाले. खरं सांगायचं तर तो नुसता राग नव्हता, अपमानही होता. माझ्याच बापाने माझ्या तोंडावर वही उघडली होती. लहानपणापासून खरं बोला, खरं बोला हे ऐकतच मी वाढले. पण ते घरात, भावंडांत, फुटलेल्या कपाबद्दल. शाळेच्या फॉर्मवर कुणी खरं लिहितं का? लोक नवऱ्याचा पगार वाढवून लिहीत होते, राहण्याचा पत्ता मावशीचा देत होते. तिथे आमचे सात रविवार कुणाला टोचणार होते?

नवरा म्हणाला, "यार, एवढं काय? दुसरीकडून आणू." त्याच्या ऑफिसातला एक जण गुडगावातच एका नव्या मंडळीत जायचा. मार्केटच्या तळघरात ती भरत असे. आम्ही दोन रविवार गेलो. गिटार होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, माणसं खरोखर चांगली होती. तिथल्या पास्टरने काही न विचारता पत्र दिलं, की हे कुटुंब गेली तीन वर्षं नियमित येतं आहे. ती मंडळीच मुळी सव्वा वर्षाची होती. त्या तरुण पास्टरने आम्हाला थांबवून मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ॲडमिशनसाठी प्रार्थनाही केली. मी डोळे मिटून आमेन म्हटलं.

फॉर्म भरायला गेले तेव्हा दोन्ही पत्रं माझ्या पर्समध्ये होती. काउंटरवर मी पप्पांचं पत्र बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं आणि दुसरं जोडलं. हे करायला मला फारसं धैर्य लागलं नाही. मागची बाई घाई करत होती.

महिन्याभरात यादी लागली. मुलीचं नाव होतं. मी ऑफिसातूनच पप्पांना फोन केला.

"झालं पप्पा. जागा मिळाली."

मग त्यांनी विचारलं, "माझं पत्र वाचलं त्यांनी?"

इथे मी गप्प राहू शकले असते. "नंतर बोलते" म्हणू शकले असते. मी म्हटलं, "हो."

पुढच्या रविवारी आम्ही चर्चला गेलो. जागा मिळाल्यावर जाणं भागच होतं. उपदेश झाला, साक्षीचं विचारलं गेलं, आणि पप्पा उठले. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या आईने चमकून वर पाहिलं. अठरा वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडत होतं.

पप्पांनी हातात कागद घेतला नव्हता. ते म्हणाले, "मी कधी साक्ष दिली नाही. पण आता दिली नाही तर ते चोरीसारखं होईल. माझ्या नातीच्या शाळेसाठी मला पत्र द्यायचं होतं. मी खरं ते लिहिलं. घरात सगळे नाराज झाले. मलाही भीती होती की माझ्यामुळे पोरीचं नुकसान होणार. पण शाळेने ते पत्र वाचलं आणि जागा दिली. मी एवढंच सांगतो की खरं लिहिताना माझा हात थरथरत होता, आणि देवाने तो धरला." त्यांचा आवाज फाटला. ते खाली बसले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. इतकं मोठं आमेन त्या चर्चमध्ये मी कधी ऐकलं नव्हतं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मुलीच्या स्वेटरचं बटण लावत राहिले. ते आधीच लागलेलं होतं.

उपासनेनंतर चहा असायचा. मी कप घेऊन उभी होते तेवढ्यात एक बाई पप्पांकडे आली. रिजच्या टेकडीवर, हिंदूराव हॉस्पिटलमध्ये ती नर्स होती, मिरजेकडची. नवरा सौदीला, एक मुलगी माझ्या मुलीएवढीच. शिफ्ट ड्यूटीमुळे तिचे बरेच रविवार चुकायचे. ती म्हणाली, "काका, मी तुमच्याकडे रेग्युलर लिहून मागणार होते. दोन आठवडे हिंमत होत नव्हती. आता मलाही तसंच पत्र द्या. आकडा घालून." तिची शाळा वेगळी होती, तिथली मुदत अजून संपायची होती. पप्पांनी तिथेच वही काढली. बावन्नपैकी एकोणीस. "चांगले आहेत की एकोणीस!" पप्पा म्हणाले. ते इतके आनंदात होते की त्यांनी दुसरा चहा घेतला. साखरेच्या आजारामुळे तो त्यांना वर्ज्य होता.

तो आठवडा मला वाईट गेला. माझं खोटं मी एका फाइलमध्ये ठेवून दिलं होतं, तिथे ते कायमचं पडून राहील अशी माझी कल्पना होती. पण ते पप्पांच्या तोंडून, देवाच्या घरात, उभं राहून बोललं गेलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात सातचे आठ केले नाहीत, त्याला मी खोटा साक्षीदार करून ठेवलं होतं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. त्यात ती नर्स एकोणीसचा आकडा घेऊन फॉर्म भरायला निघाली होती.

रोज झोपण्यापूर्वी मुलीबरोबर प्रार्थना म्हणण्याचा नेम होता. तो मी पाळत होते. पण नंतर एकटीने डोळे मिटले की मला बोलायलाच सुचेना. क्षमा मागावी, तर मला क्षमा हवी होती पण जागा सोडायची नव्हती. आभार मानावेत, तर कशाचे? तोवर मी समजत होते की खरं बोलणं हा चांगल्या वागणुकीचा भाग आहे, वेळेवर जाणं, मोठ्यांचा मान राखणं, तसा. त्या आठवड्यात कळलं की त्याच्याशिवाय प्रार्थनेला तोंडच फुटत नाही. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्याशी इकडचं तिकडचं किती बोलणार?

शनिवारी मी एकटीच पप्पांकडे गेले. आई भाजीला गेली होती. मी बसले आणि सांगून टाकलं. तळघरातली मंडळी, तीन वर्षं, पर्समधली दोन पत्रं, फोनवरचं "हो", सगळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही.

पप्पा वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती पुरी झाली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे रविवारी मी खोटं बोललो?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, पप्पा."

"सगळ्यांनी आमेन म्हटलं."

"पप्पा, चूक माझी आहे."

"ते मला समजलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. ते उठले आणि मफलर शोधू लागले. "नर्सबाईंचा फॉर्म अजून गेला नसेल तर आज सांगायला हवं."

"आणि शाळेचं?"

"शाळेचं तू बघ. साक्ष माझी होती, ती मी बघतो."

आम्ही चालत रिजवर गेलो. चढावर पप्पा दोनदा थांबले. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही. रागाने नाही, त्यांचं लक्ष नव्हतं. नर्स क्वार्टरमध्येच होती, ड्यूटी संपवून आलेली, केस मोकळे. पप्पांनी दारातच सांगितलं, "तुम्ही माझ्या साक्षीवर विसंबून पत्र नेलंत. ती साक्ष बरोबर नव्हती. माझ्या पत्रावर जागा मिळालेली नाही. तुमची मुदत अजून आहे, म्हणून सांगायला आलो."

तिने पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला चेहरा कुठे ठेवावा ते समजेना.

"म्हणजे खऱ्या पत्राने मिळेलच असं काही नाही," ती म्हणाली.

"नाही. बहुतेक नाहीच मिळणार."

तिने मोकळे केस हाताने मागे बांधले. मग म्हणाली, "आता असू द्या, काका. एकोणीस हे मला माहीत झालंय. दुसरं लिहून आणलं तरी मला ते फॉर्मला लावता येणार नाही." आणि पुढे म्हणाली, "पण हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी आठवडाभर फार खुशीत होते." तिने आम्हाला आत या म्हटलं नाही. तिच्या जागी मीही म्हटलं नसतं.

रविवारी पप्पा पुन्हा उभे राहिले. "गेल्या रविवारची माझी साक्ष मी मागे घेतो. माझ्या पत्रामुळे नातीला जागा मिळाली नव्हती. कशी मिळाली ते सांगणं माझं काम नाही. देवाच्या नावावर मी चुकीचं बोललो, त्याची आणि तुमची क्षमा मागतो." एवढं बोलून ते बसले. या वेळी आमेन कुणाला सुचलं नाही. पंख्याखाली कुणीतरी खोकलं.

ती वेळ माझी होती. मी उठून उभं राहायला हवं होतं, आणि मी उठले नाही. हे मी आज लिहू शकते, त्या दिवशी माझे पाय उठले नाहीत. माझ्या म्हाताऱ्या बापाने माझ्यासाठी माफी मागितली आणि मी गीताचं पुस्तक उघडून क्रमांक शोधत बसले.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "चलो, झालं. पप्पांनी सांगून टाकलं. आता विषय संपला ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने गिअर बदलला. टोलाच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "जागा जाईल गं."

"माहीत आहे."

"पाळणाघर मग."

"माहीत आहे."

तो पुण्याचा, शब्दाला शब्द लावल्याशिवाय राहत नाही. पण त्या दिवशी त्याने वाद घातला नाही. "मी येऊ का बरोबर?" एवढंच विचारलं. मी नको म्हटलं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. हेडमिस्ट्रेस साधारण पन्नाशीच्या, केरळच्या, कडक म्हणून प्रसिद्ध. मी पप्पांचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि जे केलं ते हिंदी-इंग्रजीत, अडखळत सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "सात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "हे पहिल्यांदाच का नाही दिलंत?"

"वाटलं, मिळणार नाही."

"नसतीच मिळाली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी यादी काढली, पट्टी ठेवून एक नाव कापलं आणि वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या नावापुढे खूण केली. "त्यांना आज फोन करते. त्यांची मुलगी दर रविवारी चर्चला जाते." बोलण्यात टोमणा नव्हता. मी निघताना त्यांनी पप्पांचं पत्र परत दिलं आणि म्हणाल्या, "हे जपून ठेवा. असं पत्र मला कुणी देत नाही."

खरं सांगते, मला त्या वाक्याने काहीच वाटलं नाही. वाटलं असेल तर संताप वाटला. पत्राची एवढी किंमत असेल तर जागा द्या ना! खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. मला तर फक्त ते चौदा न रडणारे चेहरे दिसत होते.

शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून मी मोबाइलवरून पप्पांना फोन लावला. माझ्या मनात कुठेतरी होतं की आता ते खूष होतील. शाबास म्हणतील. त्यांच्या लेखी सगळा हिशेब चुकता झाला. त्याची चीडही मला आधीच आली होती.

"पप्पा, मी शाळेत जाऊन आले. सांगितलं सगळं. जागा गेली."

मला वाटलं लाइन कटली. मग एक आवाज आला आणि तो काय आहे हे समजायला मला वेळ लागला, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. पप्पा रडत होते. साक्षीच्या वेळी आवाज फाटला होता तसं नाही. लहान मुलासारखे, थांबवता न येणारे.

"पप्पा?"

"मी चालून पाहिलं होतं गं," ते म्हणाले.

"काय चालून पाहिलं?"

"शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत. तू पत्र मागायला आलीस त्याच्या आधीच. तीनदा चालून पाहिलं, तिला किती वेळ लागेल ते बघायला. लहान लहान पावलं टाकून."

मी फाटकाला टेकून उभी राहिले. घरी जाणारा तो रस्ता समोरच होता. चाळीस वर्षं सरळ चाललेला माणूस त्या फुटपाथवरून साडेतीन वर्षांच्या मुलीएवढी पावलं टाकत गेला होता, घड्याळ बघत, तीन वेळा. आणि मग पत्रात त्याने सात असं लिहिलं होतं.